हिशेबाची सीमा

आमच्या गावच्या बस्तीत पंचकल्याणक पूजा ठरली, तेव्हा सगळ्यात लांबलेला वाद जेवणाच्या ताटांवरून झाला. पंडित कोण, मंडप केवढा, सवाल कधी घ्यायचे, हे सगळं तासाभरात उरकलं. ताटांवर मात्र रात्रीचे साडेदहा वाजले. समाजाकडे स्टीलची ८०० ताटं आहेत, लग्नकार्याला ती भाड्यानं जातात. पाच दिवस तीच वापरायची की कागदाची ताटं विकत आणायची, एवढाच प्रश्न होता.

मी स्टीलच्या बाजूनं तावातावानं बोलले. मागच्या कार्यक्रमानंतर ओढ्याकाठी पडलेला उष्ट्या ताटांचा ढीग, त्यावर चढलेल्या मुंग्या, आणि तो ढीग पेटवून दिल्यावर त्यातल्या जिवांचं काय झालं असेल, हे सगळं सांगितलं. बस्तीत बसून अहिंसेचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो, असा माझा अनुभव. या वेळी तसं झालं नाही. मागच्या रांगेतून एक इंजिनिअर झालेला मुलगा उठला आणि म्हणाला, "काकू, याच्यावर परदेशात अभ्यास झालाय. धुवायला एवढी ऊर्जा जाते की चिनी मातीचा कप हजार वेळा वापरला, तर कुठं तो थर्मोकोलच्या कपाची बरोबरी करतो. धुण्यापेक्षा फेकणं परवडतं, असं शास्त्रज्ञांनीच लिहिलंय."

मला उत्तर सुचलं नाही. बैठक पुढच्या आठवड्यावर गेली. पायऱ्या उतरताना बस्तीची भांडी घासायला येणारी बाई भेटली. ती दाराशी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "अक्का, तुमचं बी ऐकलं, त्या पोराचं बी ऐकलं. घासणाऱ्याचं कुणीच बोलंना की."

त्या आठवड्यात मी या "अभ्यासा"चा माग काढायला बसले. मराठीत त्याला जीवनचक्र मूल्यांकन म्हणता येईल. एखादी वस्तू खाणीतून, शेतातून, जंगलातून कच्चा माल म्हणून निघाल्यापासून ती कारखान्यात घडेपर्यंत, दुकानात जाईपर्यंत, वापरली जाईपर्यंत आणि शेवटी कचऱ्यात, भट्टीत किंवा भंगारात जाईपर्यंत पाणी, हवा, माती, इंधन यांचं काय काय होतं, त्याचा पुरता हिशेब. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं आणि ते आहेच. पण या हिशेबाचा इतिहास वाचत गेले तसं लक्षात आलं, की त्यातल्या आकड्यांवर जेवढं भांडण झालं, त्याहून जास्त भांडण हिशेब कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा यावर झालं आहे.

सुरुवात एका बाटलीपासून होते. १९६९ साली अमेरिकेतल्या कोका-कोला कंपनीपुढे एक धंद्याचा प्रश्न होता. पेय कशात भरून विकावं? काचेची बाटली परत घ्यावी की एकदाच वापरून टाकायची द्यावी? डबे स्वतःच बनवावेत का? प्लास्टिकचं काय? हॅरी टीस्ली नावाचे कंपनीतले अधिकारी हा विषय पाहत होते. त्यांनी कॅन्सस सिटी इथल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेला काम दिलं. फक्त किंमत काढू नका, प्रत्येक प्रकारच्या बाटलीमागे किती कच्चा माल, किती ऊर्जा लागते आणि किती घाण बाहेर पडते, तेही मांडा, असं सांगितलं. संस्थेतल्या रॉबर्ट हंट, विल्यम फ्रँकलिन यांच्यासारख्या माणसांनी त्याची पद्धत बसवली. तेव्हा जीवनचक्र हा शब्द रूढ नव्हता. संसाधने आणि पर्यावरण यांचं रूपचित्र, अशा अर्थाचं लांबलचक नाव त्याला होतं.

याच्या आधीही अशा मोजणीचे तुरळक प्रयत्न झाले होते. १९६३ च्या जागतिक ऊर्जा परिषदेत हॅरल्ड स्मिथ यांनी रासायनिक पदार्थ बनवताना एकूण किती ऊर्जा खर्ची पडते याचे आकडे मांडले होते. पण एका वस्तूच्या पर्यायांना शेजारी शेजारी ठेवून मातीपासून कचऱ्यापर्यंत मोजायचं, ही रीत बाटलीनं रुळवली.

तो पहिला अभ्यास जसाच्या तसा लोकांपुढे कधी आला नाही. कंपनीनं पैसे दिले, कंपनीच्या फायलीत तो राहिला. काचेऐवजी प्लास्टिकचा विचार करायला त्यानं कंपनीला बळ दिलं, असं या विषयाच्या इतिहासात सांगितलं जातं. म्हणजे पृथ्वीचा हिशेब मांडणारी ही विद्या जन्मली ती एका खासगी वहीत. हे वाचून मी जरा थांबले. वाईट हेतूनं ती जन्मली असं मी म्हणणार नाही. दुकानदारानं दुकानाची वही ठेवावी तसंच हे. पण त्या वहीत काय धरलं नि काय वगळलं, हे बाहेरच्या माणसाला पाहता येत नव्हतं.

मग इतरांनीही मोजायला घेतलं. अमेरिकेत त्या वेळी रस्त्याकडेला पडणाऱ्या बाटल्या-डब्यांवरून लोक संतापले होते. १९७१ मध्ये ओरेगन राज्यानं बाटलीवर अनामत रक्कम घेण्याचा कायदा केला. रिकामी बाटली परत द्या नि पैसे घ्या. आमच्या लहानपणी गोटी सोड्याच्या बाटलीला कायदा लागत नव्हता. बाटली दुकानातच रिकामी करून लाकडी खोक्यात परत ठेवायची, घरी न्यायचीच नाही. १९७२ साली इलिनॉय विद्यापीठातल्या ब्रूस हॅनन यांनी बाटल्या, डबे आणि ऊर्जा यांचा हिशेब छापला. परत येऊन पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटलीच्या मानानं टाकाऊ काचेच्या बाटलीला सुमारे तिप्पट ऊर्जा लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं पेयांच्या नऊ प्रकारच्या बाटल्या-डब्यांची तुलना प्रसिद्ध केली. ती करणारी संस्था कॅन्सस सिटीचीच होती. वही पहिल्यांदा चारचौघांत उघडली गेली.

इथे एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते. बाटलीची बाटलीशी तुलना करून चालत नाही. तुलना कामाची करायची. समजा १००० लिटर पेय गिऱ्हाइकाच्या हातात पोचवायचं आहे, तर टाकाऊ बाटल्या किती लागतील नि परत येणाऱ्या किती? परत येणारी जाड काचेची असते, बनवायला महाग. पण ती दहा फेऱ्या करत असेल तर तो खर्च दहा ठिकाणी वाटला जातो. दोनच फेऱ्यांत फुटत असेल तर सगळं गणित उलटतं. म्हणजे बाटली चांगली की वाईट, याचं उत्तर निम्मं तिच्या काचेत आणि निम्मं ती परत आणणाऱ्या माणसांत. आमच्या ताटांनाही हेच लागू होतं.

१९७३ च्या तेलटंचाईनं सगळ्यांचं लक्ष ऊर्जेकडे वळवलं. इंग्लंडमध्ये इयन बूस्टेड यांनी दुधाच्या बाटल्यांसारख्या रोजच्या वस्तूंमागची ऊर्जा मोजली आणि १९७९ मध्ये हॅनकॉक यांच्याबरोबर औद्योगिक ऊर्जेच्या हिशेबाचं जाडजूड पुस्तक काढलं. तेल पुन्हा मिळायला लागल्यावर लोकांचा उत्साह ओसरला. काही वर्षं हे काम थोड्याच जाणकारांच्या टेबलावर राहिलं.

त्याला पुन्हा चौकात आणलं कचऱ्यानं. १९८७ साली न्यूयॉर्कजवळच्या आयस्लिपहून एक तराफा ३००० टनांहून जास्त कचरा घेऊन निघाला. मोब्रो त्याचं नाव. नॉर्थ कॅरोलिनानं तो उतरवू दिला नाही. मग दक्षिणेकडे, पार बेलीझपर्यंत तो फिरला, कुणीही त्याला किनाऱ्याला लागू दिलं नाही, आणि महिनोन्महिन्यांनी तो न्यूयॉर्कलाच परत आला. शेवटी तो कचरा ब्रुकलिनमध्ये जाळला. रोज संध्याकाळी दूरदर्शन संचावर तो तराफा पाहणाऱ्या लोकांना पहिल्यांदा दिसलं, की फेकलेली वस्तू कुठेतरी असतेच.

तेव्हापासून प्रत्येक कंपनीला आपला माल पर्यावरणाला कसा बरा आहे हे सांगायची घाई झाली, आणि हत्यार हाताशी होतंच. सगळ्यात गाजलं ते बाळांच्या लंगोटांचं भांडण. १९९० मध्ये डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलसाठी आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेनं अभ्यास केला. कापडी लंगोट धुण्यात पाणी नि ऊर्जा इतकी जाते, की टाकाऊ डायपर त्याहून वाईट म्हणता येत नाही, असा त्याचा सूर होता. १९९१ मध्ये उलट बाजूचा अभ्यास आला. तो लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या धंदेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी केलेला होता, आणि त्यात कापडी लंगोट सरस ठरले. दोघांनीही शास्त्राचा आधार घेतला होता. एक लंगोट किती वेळा धुतला जातो, एका वेळी दोन लंगोट लावतात की एक, कापूस पिकवण्याचं पाणी धरायचं की नाही, अशा गृहीतकांत फरक होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ११ राज्यांच्या महाधिवक्त्यांनी निवेदन काढलं, की मोजायची सर्वमान्य पद्धत ठरत नाही तोवर अशा अभ्यासांच्या जोरावर जाहिराती करू नका.

मी बेळगावकडच्या सीमाभागात वाढले. इथल्या माणसाला नकाशावरची रेघ दिसली की ती कुणी, कधी, कुठल्या खोलीत बसून ओढली, हे विचारायची सवय असते. लंगोटांचं भांडण वाचताना मला तीच सवय कामी आली. या शास्त्रातही व्यवस्थेची सीमा असा शब्द आहे. हिशेबात काय आत घ्यायचं नि काय बाहेर ठेवायचं, त्याची ती रेघ. रेघ ओढल्याशिवाय हिशेब होतच नाही. नाहीतर ताट धरलं की ताट दाबणारं यंत्र आलं, यंत्राचं लोखंड आलं, लोखंड वाहणारी रेल्वे आली, आणि सगळं जगच एका ताटात मांडावं लागेल. पण ओढणाऱ्याचं नाव रेघेबरोबर लिहिलेलं असावं.

१९९० च्या दशकात नेमकं तेच घडवायचा प्रयत्न झाला. पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांचा आणि रसायनांचा अभ्यास करणाऱ्या सेटॅक या संस्थेनं १९९० मध्ये व्हरमाँट राज्यात शास्त्रज्ञांची कार्यशाळा घेतली आणि जीवनचक्र मूल्यांकन या नावाखाली या कामाला एक चौकट दिली. पोर्तुगालमधल्या सेझिंब्रा इथल्या बैठकीतून १९९३ मध्ये आचारसंहिता आली. १९९७ मध्ये आयएसओ १४०४० हे आंतरराष्ट्रीय मानक निघालं, २००६ मध्ये ते सुधारून आयएसओ १४०४४ ची जोड दिली गेली. त्यात चार पायऱ्या आहेत. आधी उद्देश नि सीमा लिहून काढा. मग आत काय आलं, बाहेर काय गेलं याची यादी करा. मग त्या यादीतून हवामान, पाणी, माती, आरोग्य यांवर काय परिणाम होतो ते काढा. शेवटी अर्थ लावा, आणि शंका असेल तिथे मागे जाऊन पुन्हा तपासा.

मला त्यातली दोन कलमं फार महत्त्वाची वाटली. आपली वस्तू दुसऱ्याच्या वस्तूपेक्षा बरी, असं लोकांत जाहीर सांगायचं असेल, तर अभ्यास बाहेरच्या परीक्षक मंडळाकडून तपासून घ्यावा लागतो. आणि हवा, पाणी, माती अशा वेगवेगळ्या परिणामांना आपल्या मनानं वजन देऊन त्यांचा एकच गुण काढायचा, हे अशा जाहीर तुलनेत चालत नाही. कारण हवेला किती मार्क नि पाण्याला किती, हे शास्त्र ठरवू शकत नाही. तो ज्याच्या त्याच्या मूल्यांचा प्रश्न आहे, हे मानकानंच कबूल केलं. आपल्या सरकारनं १९९१ मध्ये इकोमार्क ही खूण आणली, तिच्यावर मातीचा घडा आहे. कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत विचार करून ती द्यायची, हे तेव्हाच ठरलं होतं. ती बाजारात फारशी रुजली नाही आणि २०२४ मध्ये तिचे नियम नव्यानं आले.

आता त्या मुलाच्या हजार वेळांकडे येते. तो खोटं बोलला नव्हता. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक मार्टिन हॉकिंग यांनी १९९१ मध्ये कागदी कप आणि थर्मोकोलचा कप यांची तुलना सायन्स या पत्रिकेत छापली होती. कागद म्हणजे चांगलाच, या समजुतीला तिनं धक्का दिला. १९९४ मध्ये त्यांनी धुवायचे कपही हिशेबात घेतले. चिनी मातीच्या कपाला थर्मोकोलच्या कपाची बरोबरी करायला १००६ वेळा वापरावं लागतं, असं त्यात निघालं. हा झाला मुलाचा आकडा. त्याच लेखात कागदी कपाशी बरोबरी करायला फक्त ३९ वेळा पुरतात, तो आकडा मुलानं सांगितला नाही, कदाचित त्याच्यापर्यंत तो पोचलाच नसेल. आपल्याकडे प्लास्टिकच्या नि थर्मोकोलच्या कप-ताटांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा आमची तुलना कागदाशीच होती. दुसरं म्हणजे हा हिशेब फक्त ऊर्जेचा आहे, आणि तो हॉटेलातल्या, गरम पाण्यानं भांडी धुणाऱ्या विजेच्या यंत्राचा आहे. आमच्याकडे भांडी घासतात ती टाकीच्या गार पाण्यात, दोन हातांनी.

हात म्हटल्यावर पुन्हा लंगोटांकडे जावं लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००५ मध्ये त्यांचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये तो सुधारून काढला. बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत टाकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका उष्मावायू हवेत जातो, आणि कापडी लंगोटांमुळे सरासरी ५७०. म्हणजे जवळपास सारखेच. पण लंगोट बाहेर दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले, तर त्यातले सुमारे २०० किलो कमी होतात. उलट सगळे यंत्रात वाळवले तर जवळजवळ २५० किलो वाढतात. कापड तेच, बाळ तेच. फरक उन्हाचा.

हे वाचून मला आधी फार बरं वाटलं. आमच्या परड्यात दोरीवर वाळणारी दुपटी आठवली. माझी दोन्ही मुलं नि नंतर जावेचा मुलगा त्याच जुन्या लुगड्यांच्या लंगोटांवर वाढली. पाहा, आम्ही न शिकताच बरोबर होतो, असं म्हणायचा मोह झाला. मग पावसाळ्यातली सकाळ आठवली. ओले लंगोट चुलीवर दोरी बांधून वाळवायचे, आणि ते धुवायचे ते मी, बाळंतपणाच्या दुसऱ्या महिन्यापासून, वाकून, गार पाण्यात. ते २०० किलो वाचवणारे हात कुणाचे, हे त्या हिशेबात लिहिलेलं नव्हतं. लिहायची जागाच त्यात नव्हती. माणसांच्या श्रमाचा नि त्यांच्या वागणुकीचा हिशेब याच रीतीनं मांडावा, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली. बाटलीच्या हिशेबानंतर ४० वर्षांनी.

पिशव्यांचीही तीच कथा. ब्रिटनमधला २०११ चा अभ्यास सांगतो, की कापडी पिशवी १३१ वेळा वापरली तर हवामानाच्या हिशेबात ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीइतकी होते. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या अहवालात साध्या कापसाच्या पिशवीला ५२ वेळा हा आकडा आहे. तो फक्त हवामानापुरता. ओझोनच्या थरासकट सगळे परिणाम धरले की त्याच पिशवीला ७१०० वेळा वापरा असं तोच अहवाल म्हणतो. बातम्यांत गेला तो मोठा आकडा. आणि उघड्यावर पडणाऱ्या पिशव्यांचा परिणाम त्यात धरलाच नाही, कारण डेन्मार्कमध्ये त्या फारशा उघड्यावर पडत नाहीत. डेन्मार्कसाठी ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांतून ज्या पिशव्या निघाल्या, त्यांना त्या हिशेबात जागा नाही. तो अहवाल जसाच्या तसा उचलून आपल्या बाजारात वाचून दाखवणं म्हणजे दुसऱ्या गावचा उतारा आपल्या शेताला लावणं.

जैन घरात वाढलेल्या कुणालाही या सगळ्यात काहीतरी ओळखीचं वाटेल. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात जिवाच्या बाजूनं कर्म येण्याचे १०८ प्रकार मोजले आहेत. संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष आरंभ हे तीन. ते मन, वाणी, काया यांनी. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि केल्याला मान दिलेलं. शिवाय क्रोध, मान, माया, लोभ. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक अष्टोत्तरशे. जपमाळेत १०८ मणी याचसाठी, असं आजी सांगायची. करवलेलंही आपल्याच खात्यावर, हा भाग मला आजच्या बाजारासाठी फार मोलाचा वाटतो. पाण्याचं तर विचारूच नका. पाणी गाळायचं, आणि गाळण्यावर उरलेले जीव हलक्या हातानं ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. वस्तू जिथून आली तिथे परत जाईपर्यंत आपली जबाबदारी, याचा याहून साधा धडा मला माहीत नाही.

तरी हे दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही. तिथे भाव मोजला जातो, इथे किलो. शिवाय आमचीही एक सीमा होतीच. ती बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आखलेली असे. पाणी गाळून पिणाऱ्या घरांत लग्नात रेशमी शालू मात्र सर्रास नेसले जात. रेशीम काढायला कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आतल्या किड्यासकट, आणि एका साडीसाठी असे हजारो कोश लागतात. माझ्या आईला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ती चाळिशीत होती. तिनं आपला शालू पेटीत ठेवला तो पुन्हा काढला नाही. पण तिच्या आधीच्या किती पिढ्यांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. वस्तू हातात स्वच्छ दिसली की तिचा मागचा जन्म विसरायला होतं.

माझ्या स्टीलच्या ताटाचंही तेच. त्यात क्रोमियम असतं, म्हणून ते गंजत नाही. देशातलं बहुतेक क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून निघतं, आणि तिथल्या खाणींनी पाण्याची काय दशा केली हे अनेकदा लिहिलं गेलं आहे. बस्तीत अहिंसेवर बोलताना मी ते ताट निष्पाप धरलं होतं. आता इतकंच म्हणता येतं, की ती ८०० ताटं वीस वर्षांपूर्वीच घेतलेली आहेत, त्यांचं पाप होऊन गेलं आहे, आणि जितक्या जास्त पंगती त्यांवर उठतील तितकं ते वाटलं जाईल. भंगारात गेल्यावर ती वितळून दुसरं काही होतील. तेव्हा खाणीचा भार पहिल्या जन्माच्या खात्यावर लिहायचा की दुसऱ्याच्या, यावर हे हिशेबवाले आजही वाद घालतात. जिवाचं कर्म जिवालाच चिकटतं, पण स्टीलला जीव नाही. त्याचं कर्म कुणाला चिकटवायचं हे माणसांनाच ठरवावं लागतं.

पुढच्या बैठकीला मी एक कागद घेऊन गेले. त्यावर आकडे थोडेच होते. किती पंगती, किती ताटं, टाकीत पाणी किती, कागदी ताटाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा आहे की नाही, उष्टी ताटं शेवटी कुठे जाणार. आणि एक ओळ घासणाऱ्या बायांची. किती जणी, किती तास, मजुरी किती. त्या मुलाला मी हॉकिंग यांचे दोन्ही आकडे दाखवले. तो मोकळेपणानं म्हणाला, "काकू, मी निम्मंच वाचलं होतं." मीही म्हटलं, की मी तर काहीच न वाचता बोलले होते.

ठरलं ते असं. स्टीलची ताटं वापरायची. प्रत्येकानं आपलं ताट खरवडून पहिल्या पिंपात स्वतः विसळून द्यायचं, पाहुण्यांनीसुद्धा. घासायला चौघींऐवजी आठजणी, दोन पाळ्यांत, उंच ओट्यावर, वाकायला लागू नये म्हणून. मजुरी वाढवावी लागली आणि त्यावर थोडी कुरकूर झाली. कागदी ताटं स्वस्त पडली असती, हे खजिनदार अण्णांनी वहीत आवर्जून लिहून ठेवलं. त्यांचं बरोबरच होतं.

चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी, मोक्षकल्याणकाला, अंदाजापेक्षा दुप्पट माणूस आलं आणि दुपारी टाकी रिती झाली. टँकर यायला तीन तास लागले. मग बाजारातून पत्रावळी आणल्या आणि शेवटच्या दोन पंगती त्यांवर उठल्या. पत्रावळी खड्ड्यात पुरल्या. घासणाऱ्या बाया त्या दुपारी ओट्यावर बसून पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवल्या.

पुढच्या वर्षी वार्षिक पूजा आहे. टाकीचा हिशेब नव्यानं मांडायचा आहे, आणि या वेळी कागद लिहायला बसताना त्या बाईला शेजारी बसवायचं मी कबूल केलंय.